खरूज निदान निकष समिती

आइंडहोवनच्या आमच्या मराठी मंडळात २०१७च्या गणेशोत्सवानंतर लोक खाजवू लागले. इथलं पाणी, घरातलं हीटिंग आणि लोकरीचे स्वेटर ही त्याची सर्वमान्य कारणं असल्यामुळे कोणालाही काळजी वाटली नाही.

दिवाळीच्या तोंडावर नीलांबरीने घोटाळा केला. तिच्या अकरा महिन्यांच्या यशच्या तळव्यांवर पुरळ आलं, तशी ती त्याला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं आणि खरूज आहे म्हणून सांगितलं. नीलांबरीने ते व्हॉट्सअ‍ॅप गटावर जसंच्या तसं लिहिलं. "यशला खरूज झालीय. गणपतीत तो सगळ्यांच्या मांडीवर होता. सगळ्या घरांनी एकाच शनिवारी मलम लावू या, नाहीतर ती फिरत राहील. बाळ झोपत नाही हो." त्यावर दोघांनी जोडलेले हात पाठवले.

हा शब्द आमच्या गटात प्रथमच आला होता. आमच्यातले बहुतेक जण चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतात, जिथे धुळीचा कण सापडला तरी चौकशी बसते. अशा माणसांना खरूज झाली म्हणायचं तर आधी खरूज कशाला म्हणायचं हे ठरायला हवं, असं अध्यक्ष चंद्रहास यांचं म्हणणं पडलं. समिती नेमली. सचिव मी. इथल्या रीतीप्रमाणे कॉफी, एकेक बिस्किट आणि सर्वांचं एकमत होईपर्यंत चर्चा.

"खाज हे लक्षण धरायचं का?" मी विचारलं.

"खाज मेजर करता येते का?" चंद्रहास मनगट टेबलाच्या कडेला घासत म्हणाले. "युनिट काय?"

युनिट नव्हतं, म्हणून खाज वगळली. पुरळ कशानेही येतं, माझ्याच पोटावर आहे की, असं त्यांच्या पत्नी शामलावहिनी म्हणाल्या, म्हणून पुरळही वगळलं. बाधिताशी संपर्क हा निकष ठेवला असता तर समितीसकट सगळेच त्यात बसले असते, आणि इतक्या ढिल्या निकषाला शास्त्रीय म्हणता येत नाही. उरलं डॉक्टरांचं निदान. मात्र त्यांच्याकडे जायचं ते लक्षणं असतील तरच, आणि लक्षणं आम्ही नुकतीच वगळली होती. मसुदा एकमताने मंजूर झाला.

निकषांत एकच व्यक्ती बसली. यश. त्याला दिवाळीच्या कार्यक्रमाला आणू नये, असा ठराव झाला.

"अहो, त्याला अजून चालतासुद्धा येत नाही," नीलांबरी म्हणाली. "मग त्याला झाली कुणाकडून?"

"ते समितीच्या स्कोपमध्ये येत नाही," चंद्रहास सौम्यपणे म्हणाले. "प्लीज, पर्सनली घेऊ नकोस."

त्यानंतर मी निव्वळ खबरदारी म्हणून थेट शंभरेक किलोमीटरवरच्या नीउ-व्हेनेप गावातल्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही. रांगेत पुढे चंद्रहास होते.

"हँडक्रीम," ते म्हणाले.

"मलाही तेच," मी म्हणालो.

मंडळातल्या प्रत्येक घराने असंच कुठून तरी हँडक्रीम आणलं आणि आपापल्या सवडीने, वेगवेगळ्या दिवशी, मानेपासून पायापर्यंत लावलं. दिवाळीला यशची अनुपस्थिती सर्वांना जाणवली. बिचारं एकटं पडलं म्हणून सगळे फराळाचे डबे घेऊन त्याच्या घरी गेले आणि आळीपाळीने त्याला कडेवर घेतलं.

डिसेंबरात यश पुन्हा रात्रभर रडू लागला. डॉक्टरबाईंनी पुन्हा भिंग लावलं. आमचे निकष अचूक ठरले, कारण याही खेपेला मंडळात खरूज त्याला एकट्यालाच होती.

हे वाचून आपल्याला त्या बाळाबद्दल वाईट वाटलं असेल. आम्हालाही फार वाटलं. मात्र वाचता वाचता आपला हात बोटांच्या बेचक्यात गेला असेल, तर घाबरू नका. हवा बदलली असेल. बदलली नसेल तर दुसरं कारण शोधा, शिकलेल्या माणसाला ते सापडतं. आणि शेजारचं बाळ आलं, तर नेहमीसारखं मांडीवर घ्या.