बेचाळीस पापडांचा डायनासोर

कृष्णाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा रविवार उजाडला, तेव्हा त्यांच्या लेकीच्या, निशिगंधाच्या, दोन्ही हातांना कोपरापर्यंत हिरवी साखर चिकटली होती. हा शेवटचा रविवार आहे हे अर्थात कुणालाच ठाऊक नव्हतं. कृष्णाबाईंना तर मुळीच नाही. त्यांनी सोमवारच्या बिरड्यासाठी वाल भिजत घातले होते.

निशिगंधाचा मुलगा ऋत्विक त्या दिवशी चार वर्षांचा होणार होता आणि त्याला डायनासोरचा केक हवा होता. संध्याकाळी रोह्याजवळ वरसे गावात, तिच्या सासरी, पाहुणे जमणार होते. दुकानातून केक आणला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आठ दिवसांपूर्वी नणंद सुरभी चारचौघांत हसत म्हणाली होती, "वहिनीचं काय बाई, सगळं आयतं आणायचं." त्यावर निशिगंधाही तितकंच हसत म्हणाली होती, "या वेळी केक घरी होणार. मी स्वतः करणार." बोलून झाल्यावर तिला आठवलं की आपल्याला साधा शिरासुद्धा गुठळ्यांशिवाय जमत नाही. म्हणून नमुन्यादाखल ऋत्विकचा प्लॅस्टिकचा डायनासोर पर्समध्ये टाकून ती शनिवारीच पेणला, रामवाडीला आईकडे पळून आली होती.

केक शनिवारी रात्री कुकरमध्ये मीठ पसरून भाजून झाला होता. तो कापून, जोडून पोट, मान आणि शेपटीही झाली होती. आता त्यावर साखरेचं हिरवं आवरण चढवायचं होतं. व्हिडिओतली बाई त्याला फाँडंट म्हणत होती, कृष्णाबाई हिरवी कणीक म्हणत होत्या.

"आई, हा गोळा पातळ लाटून ठेव," हात धुता धुता निशिगंधा म्हणाली. "मी मेणबत्त्या आणि खोका घेऊन आलेच."

"किती पातळ?"

"तुला जमेल तेवढा."

आपण हे कुणाला सांगतो आहोत याचा तिने क्षणभर विचार करायला हवा होता. कृष्णाबाई चाळीस वर्षं पेणमध्ये पापड लाटत होत्या. त्यांचा पापड पेपरवर ठेवला तर खालची बातमी वाचता येई.

बाजारात चारच्या आकड्याची मेणबत्ती संपली होती. ती शोधताना शाळेतली मैत्रीण भेटली. निशिगंधा परतली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पोळपाट धुऊन उभा करून ठेवलेला होता. पडवीत शेजारच्या मैनाकाकी पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"काकी, तुम्ही इथे?"

"तुझ्या आईनं हाक मारली म्हणून आले. एकटीनं पापड कोण लाटतं गो?"

"पापड?"

मैनाकाकींनी हनुवटीने गच्चीकडे खूण केली.

गच्चीवर जुनी सुती साडी अंथरलेली होती आणि तिच्यावर बेचाळीस हिरवे पापड ओळीने वाळत होते. एप्रिलचं ऊन कडकडीत होतं. प्रत्येक पापड दुसऱ्याइतकाच गोल होता. कृष्णाबाई एका टोकाला बसून एकेक उलटत होत्या.

"आई! हे काय केलंस?"

"तूच बोललीस ना, पातळ लाटून ठेव म्हणून? लाटलं. आता लाटलेलं ओलं कसं ठेवायचं? बुरशी नाय येणार?"

"अगं, एकच मोठी पोळी हवी होती. मऊ. केकवर पांघरायला."

"मग पोळी बोलायचं होतंस."

निशिगंधाने खाली वाकून पाहिलं. "आणि हे काळं काळं काय आहे?"

"मिरी."

"केकवर मिरी?"

"नुसतं गोड किती खाईल माणूस? आणि ती कणीक लई चिकटत होती. मग दोन मुठी उडदाचं पीठ घातलं, चांगली कुटली. आता बघ, चिकटते का?"

चिकटत नव्हती. निशिगंधाने उचललेला पापड कट्‌कन मोडला.

"चवीला बरा हाय हां," मैनाकाकी जिन्यातून वर येत म्हणाल्या. "लाट्या खाऊन बघितल्या आमी. चारच खाल्ल्या."

लाट्या म्हणजे लाटण्याआधीचे लहान गोळे. निशिगंधा लहान असताना उन्हाळाभर आळीतल्या बायकांचे घोळके आज या घरी, उद्या त्या घरी पापड लाटत आणि ती आईच्या पाठीला पाठ लावून तेलात बुडवलेल्या लाट्या खात बसे. संध्याकाळी पोट दुखायचं. आई ओवा द्यायची, रागे भरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली लाटी तिच्याच हातावर ठेवायची. आज मात्र निशिगंधाला तेवढी उसंत नव्हती. एक वाजला होता. तीनला तिचा नवरा प्रविण गाडी घेऊन येणार होता. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि चौतीस वर्षांची बाई जितक्या मोठ्याने रडू शकते तितक्या मोठ्याने रडली.

"सुरभी आता आयुष्यभर ऐकवेल मला."

कृष्णाबाईंनी तिला रडू दिलं. मग तिच्या पर्समधून डायनासोर काढला, चष्मा कपाळावर सरकवून त्याला पुढून-मागून निरखलं आणि म्हणाल्या, "निशे, याच्या पाठीवर हे काय उभं हाय?"

"खवल्यांसारखं असतं काहीतरी."

"पापडच हायत की गो! अर्धे केलेले."

त्यानंतर दोन तास तिघींचे हात चालू होते. मैनाकाकी पापड मोडत होत्या, निशिगंधा केकला मलई फासत होती आणि कृष्णाबाई एकेक तुकडा अंगावर बसवत होत्या. निशिगंधाने मानेपासून सुरुवात केली तशी त्यांनी तिच्या हातावर चापट मारली.

"शेपटीकडनं वर ये. कौलं शाकारताना बघितली नायस कधी? उलटी लावलीस तर पाणी आत जाईल."

"आई, डायनासोरवर पाऊस पडणार नाहीये."

"रीत ती रीत."

शेवटी पाठीवर अर्धे पापड उभे राहिले आणि तिघीही एक पाऊल मागे सरल्या. डायनासोर इतका खरा दिसत होता की मैनाकाकींनी नकळत पदर सावरला.

रोह्याच्या वाटेवर, नागोठण्याच्या अलीकडे खड्ड्यात प्रविणची गाडी आपटली आणि डायनासोरचं मुंडकं सुटलं. पुढचा सगळा रस्ता कृष्णाबाईंनी ते ओंजळीत धरलं. "हळू चालवा हो जावईबापू," त्या म्हणत होत्या, "पेशंट हाय गाडीत." वरशाला पोचल्यावर त्यांनी पिशवीतून राखून ठेवलेली एक लाटी काढली, पाण्याचा हात लावला आणि कुणी पाहायच्या आत मुंडकं जागेवर बसवलं.

दिवाणखान्यात केक ठेवला तेव्हा मुलं भोवती गोळा झाली. ऋत्विकने त्याला आधी नमस्कार केला. मग एकाने खवला तोडून तोंडात टाकला, कुर्रकन आवाज झाला आणि मुलं तुटून पडली.

"वहिनी, हे तू केलंस?" सुरभीने विचारलं. टोमणा मारायचंही ती विसरली होती.

निशिगंधाने आईकडे पाहिलं. कृष्णाबाई दाराशी रिकामी परात घेऊन उभ्या होत्या.

"हो," निशिगंधा म्हणाली. "मीच. व्हिडिओ बघून."

"यात मिरी आहे का गं?"

"हल्ली तशीच फॅशन आहे."

"लहानपणापासनं कला हाय तिच्या हातात," कृष्णाबाई म्हणाल्या आणि परात धुवायला आत गेल्या.

रात्री प्रविणने कृष्णाबाईंना स्टँडवर नेऊन पेणच्या एसटीत बसवून दिलं. निशिगंधाभोवती तेव्हा बायकांचा गराडा होता. तिने लांबूनच हात हलवला. सोमवारी पहाटे कृष्णाबाई झोपेतच गेल्या. वाल भिजलेले तसेच राहिले.

पुढच्या वर्षी केक दुकानातून आला, मोटारीच्या आकाराचा. सुरभीने खोका उघडून नाक मुरडलं. "वहिनी, डायनासोर का नाही केलास? अख्ख्या वरशात नाव झालं होतं तुझं."

निशिगंधाच्या आधी सासूबाईच बोलल्या. "मीच नको म्हटलं. उन्हाचा त्रास होतो तिला."

निशिगंधा त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. "मला कुठे उन्हाचा त्रास होतो?"

"मग काय सांगू लोकांना?" सासूबाई बशा पुसत म्हणाल्या. "गेल्या वर्षी विहीणबाय इथंच परात धूत होत्या. मला बोलल्या, 'पापड कुणाच्या हातचा हाय ते तुम्हांला कळलंच असंल. पण पोर चारचौघांत बोलून बसलीय, सांभाळून घ्या.' मी व्हय बोलले. वर्षभर सुरभीला सुदीक सांगितलं नाय. जिभेला फोड यायचा बाकी होता माझ्या!"

सासूबाईंनी पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

निशिगंधा बाहेर आली. पंखा घरघरत होता, मुलं फुगे फोडत होती, सुरभी मोटारीचं चाक चाखत होती.

"सुरभी, तो डायनासोर मी केला नव्हता."

"काय म्हणालीस?"

फुग्यांच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. निशिगंधाने पंखा बंद केला, ऋत्विकच्या हातातला फुगा काढून घेतला आणि सगळे तिच्याकडे पाहू लागेपर्यंत थांबली.

"आईने केला होता," ती म्हणाली. "माझ्या आईने."