सात अंशांचा अपहार

आमच्या सहा मजली कार्यालयात एसी अठरा अंशांवर चालतो. याला कोणाचीही हरकत नाही, कारण प्रत्येकाच्या टेबलाखाली एक छोटा हीटर आहे. वरून गार, खालून गरम, असं समतोल हवामान राखून आमचं कामकाज वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. आवक-जावक विभागातल्या बाई तर हातमोजे घालून टायपिंग करायच्या.

अशात वरून परिपत्रक आलं. तीन महिन्यांच्या आत एसीचा मासिक वीजवापर वीस टक्क्यांनी कमी करावा. ताबडतोब समिती नेमली गेली आणि कार्यालय अधीक्षक या नात्याने मी तिचा सचिव झालो. बैठकांसाठी तळमजल्यावरची एक बंद खोली उघडली. ती फार कोंदट निघाली, म्हणून तिथे दोन नवे एसी बसवले.

पहिल्याच बैठकीला यंत्रघरातल्या ऑपरेटरला बोलावलं. त्याला सगळे गारवाला म्हणतात. तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला इथे चिकटवला, पण कार्यालयात हे नातं मी फारसं उगाळत नाही.

फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "साहेब, तीनच कामं आहेत. जाळ्या धुवू द्या, बोटभर धूळ बसलीय. खालचा काचेचा दरवाजा लावून घ्या, रस्ता गार करून आपल्याला काय मिळतंय? आणि अठराचे पंचवीस करा. वीस टक्के सहज वाचतील."

"खर्च?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"काहीच नाही."

समितीची पंचाईत झाली. ज्याला खर्चच नाही असा प्रस्ताव कुठल्या नमुन्यात भरायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तरीही आम्ही प्रत्येक सूचनेचा गांभीर्याने विचार केला. जाळ्या धुवायला यंत्रणा दोन तास बंद ठेवावी लागणार होती आणि ती बंद ठेवायला नियमाने मनाई होती. काचेचा दरवाजा लावला, तर तो उघडा धरून उभा राहणाऱ्या कर्मचाऱ्याचं पद धोक्यात येत होतं. राहता राहिले अठरा अंश. ते का ठेवलेत, हे शोधायला तीन बैठका गेल्या. कारण सापडलं: कार्यालयात कोट सक्तीचा आहे आणि कोटात उकडतं. मग कोट सक्तीचा का, म्हणून ती फाईल काढली. तिच्यात लिहिलं होतं की, कार्यालयाचं तापमान अठरा अंश असल्यामुळे कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी कोट सक्तीचा करण्यात येत आहे. दोन्ही आदेशांवर सही एकाच साहेबांची होती. ते सर्दीने बेजार होऊन मुदतीआधीच निवृत्त झाले होते.

दोन महिने आम्ही असा अभ्यास केला. तेवढ्यात वीजवापर चार टक्क्यांनी वाढला, कारण अभ्यासाच्या खोलीत दोन एसी चालू होते.

मग एका सोमवारी जिन्यात गारवाल्याने मला गाठलं.

"भावजी, तुम्हाला म्हणून सांगतो. काल सुट्टीत येऊन जाळ्या धुतल्या. आणि आज पंचवीस लावलेत."

"मी काही ऐकलेलं नाही," मी म्हणालो. "आणि साहेबांच्या केबिनमधलं बटण? ते तर अठरा दाखवतं."

"ते सहा वर्षं कशालाच जोडलेलं नाही. साहेब दिवसातून वीसदा दाबतात आणि 'आता कसं बरं वाटलं' म्हणतात."

महिनाभर कोणाला काही कळलं नाही. बाईंनी हातमोजे काढून ड्रॉवरमध्ये टाकले. शिंका थांबल्या. टेबलाखालचे हीटर एकेक करून बंद झाले. माझाही मी पायानेच बंद केला. महिनाअखेर मीटर पाहिला तर वापर सव्वीस टक्क्यांनी उतरलेला!

अध्यक्षसाहेबांना प्रशस्तिपत्र जाहीर झालं. त्यासोबत एक फॉर्म आला, त्यात 'घट कशामुळे झाली?' असा रकाना होता. आम्ही 'समितीमुळे' असं लिहून पाठवलं. वरून तपशील मागितला गेला. तपशील आमच्यापैकी कोणाकडेच नसल्यामुळे चौकशी लावावी लागली, आणि गारवाल्याने विचारल्याबरोबर सगळं खरं सांगून टाकलं. पोरगा पहिल्यापासून असाच आहे.

अध्यक्षसाहेबांनी जागच्या जागी टाय सैल केला. "तरीच! महिनाभर जीव नुसता गुदमरत होता." बाईंना दोनदा चक्कर आल्याचं आठवलं. शिपायापासून उपव्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना मागल्या तारखेपासून घाम फुटला.

गारवाल्यावर आरोप ठेवण्यात आला: प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हक्काच्या सात अंश थंडीचा अपहार.

"काढून घेतलेली थंडी कुठे ठेवलीत?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"ती केलीच नाही, साहेब."

"म्हणजे विल्हेवाटही लावली," असं म्हणत त्याने टिपून घेतलं.

नियम असा होता की, त्या महिन्यात उकडलं नाही असं एका जरी कर्मचाऱ्याने सांगितलं, तरी आरोप टिकणार नाही. एकशे बारा जणांना उकडलं होतं. शेवटचा मी. गारवाला समोर उभा होता आणि बिनघोर होता, कारण घरचा माणूस आत चालला होता. अध्यक्षसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि बढतीच्या यादीत माझं नाव पहिलं होतं.

"उकडलं," मी म्हणालो. "फार उकडलं."

लाज वाटली, हे कबूल करतो. पण लाजेसाठीही चौकशीच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

गारवाल्याला नोकरीवरून काढलं. एसी पुन्हा अठरावर आला आणि हीटर पुन्हा लागले. घट मात्र नोंदीत कायम राहिली, त्यामुळे प्रशस्तिपत्र स्वीकारायला अडचण आली नाही. त्या समारंभासाठी सभागृहात सोळा अंश ठेवले होते.

घरी बायकोने ताट वाढलं आणि विचारलं, "खरंच उकडलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मग महिनाभर रोज येऊन कोण सांगत होतं, आता गुडघे दुखत नाहीत म्हणून?"

मी मान खाली घालून जेवलो. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आता गारवाल्याचं अपील आहे. अर्जात एकच ओळ आहे: 'पंचवीस अंशांत मला कसलाही त्रास होत नाही.' तिच्याखाली एक सही लागते. कार्यालयातलं कोणी तयार नाही. पण नियमानुसार बाहेरच्या कोणाही सज्ञान माणसाची सही चालते. अट एवढीच, की नंतर त्याच्या घरातल्या नाहीतर दुकानातल्या एसीचा आकडा बघायला माणूस येतो.

तुम्ही इथवर वाचलंत. मधूनमधून आम्हाला हसलातही. गारवाला बरोबर बोलतोय, हे तुम्हाला पहिल्याच बैठकीत कळलं होतं. मग घ्या पेन आणि करा सही.

का हो? उकडायला लागलं?