टायर उभा राहून मरतो

क्लॅरीने बायको एका नाचात पसंत केली होती. टायर मात्र तीन महिने झाले तरी पसंत होत नव्हते. त्या बायकोचं, मर्लचं, दुखणं हेच होतं. चहाला कुणीही येवो, हा माणूस त्याला अंगणातल्या सहाचाकी घरगाडीपाशी नेई, गुडघ्यावर बसे आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने दाखवी.

"हा बनल्याचा आठवडा, हे वर्ष. नऊ वर्षांचा झाला बघ. नक्षी नवी कोरी, पण आतून संपलाय. टायर पळून मरत नाही, उभा राहून मरतो."

"मी कशाने मरणार, तेही कुठं लिहिलंय का बघ!" मर्ल खिडकीतून ओरडे.

सप्टेंबर लागला होता. मर्लची धाकटी बहीण डल्सी देशाच्या पार पश्चिम किनाऱ्याला, जेराल्डटनजवळ राहायची. चार दिवसांची वाट. तिकडे या महिन्यात माळावर कागदासारखी गुलाबी फुलं आभाळाच्या कडेपर्यंत उमलतात आणि तीन आठवड्यांत जातात. अकरा वर्षं बहिणींची भेट नव्हती. यंदा डल्सीने कळवलं होतं, 'डोळे अधू होत चाललेत. फुलं दिसताहेत तोवर ये.'

पण नवे टायर बसल्याशिवाय क्लॅरी गाडी लांब न्यायला तयार नव्हता, म्हणून मर्ल रोज दुपारी चहा घेऊन उभ्या घरगाडीत जाऊन बसे. बाहेर गहू वाऱ्याने मागे मागे सरकत राही आणि गाडीच चालल्यासारखी वाटे. डोळे किलकिले केले, की हिरवा रंग हळूच गुलाबी होई. पुढे डल्सी चाललेली, टोपी हातात. चहा गार होई, पण मर्ल हलत नसे. हललं तर गाडी थांबेल.

"भरल्या गाडीचं वजन कळल्याशिवाय टायर ठरवणार कसा?" एका सकाळी क्लॅरी म्हणाला.

"मग भरते की!"

तासाभरात पांघरुणं, किटली, शिवणयंत्र आणि डल्सीसाठी अंजिराच्या जॅमच्या चोवीस बरण्या गाडीत चढल्या. गावाबाहेरच्या गव्हाच्या कोठारावर वजनकाटा होता, तिथं गाडी चढवली. सुगीला अवकाश, त्यामुळे काटेवाला लेक्स वर्तमानपत्र घेऊनच बाहेर आला.

"मागून फार जड. एवढं पेलणारा टायर तुझ्या चाकाला बसायचाच नाही."

क्लॅरीने बायकोकडे पाहिलं. "जॅम."

"डल्सीचा आहे तो!"

जॅम उतरला. तरी जड. शिवणयंत्र उतरलं. तरी जड. शेवटी मर्ल स्वतः पर्स सांभाळत उतरली.

"आता?"

लेक्सने आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बोलू का?"

"बोल."

"तू उतरूनही भागत नाही, मर्ल."

"ऐकलंस, क्लॅरी? जड मी नव्हते!"

लेक्सने आत शिरून पलंगाची फळी उचलली. खाली, जुन्या रगांत बाळंतिणीसारखे गुंडाळलेले सहा टायर.

"हे काय?" मर्लने विचारलं.

"या टायरांच्या आधीचे," क्लॅरी बुटाकडे बघत म्हणाला. "टाकवेनात गं."

"नक्षी नवी कोरी असेल?"

"अगदी!"

लेक्स वर्तमानपत्रात तोंड घालून हसला.

टायर उतरले, जॅम, यंत्र, मर्ल परत चढले. वजन बरोबर भरलं. गावातल्या टायरवाल्याने आकडा बघितला आणि सांगितलं, या वजनाला या चाकावर एकच जात बसते. निवडायला काही उरलंच नाही, म्हणून क्लॅरीचा चेहरा पडला. दुपारपर्यंत सहाही नवे टायर बसले.

मर्ल पुढच्या जागेवर चहा घेऊन बसली होती. रस्त्यापलीकडचा गहू सरकायला लागला होता. क्लॅरी मात्र काढलेल्या टायरांपाशी उभा, एकाची नक्षी कुरवाळत.

"मर्ल, पलंगाखाली आता जागा झालीच आहे, तर हे..."

मर्लने काच खाली केली.

"क्लॅरी, वय झालेलं, वरून धडधाकट दिसणारं आणि जागचं न हलणारं असं एकच काहीतरी मी बरोबर नेणार आहे. तेही उभं राहून मरू नये म्हणून. चढ!"