रोमवाली जाऊ

आमच्या वाचनालयातल्या निम्म्याअधिक कथासंग्रहांत, कथा जिथे संपते तिथे पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला आहे : 'रोम'.

मागे तपासणीला आलेल्या साहेबांनी हे पाहिलं आणि मला विचारलं, "हे कसलं वर्गीकरण?" मी म्हटलं, "आहे एक." त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'वर्गीकरण समाधानकारक.' मी तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे. माझ्या कामाला मिळालेला हा एकमेव चांगला शेरा, आणि तोही माझ्या कामाला नव्हता. ते काम सुर्वेबाईंचं.

सुर्वेबाई म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. वय पंचाहत्तर, बांधा शेवग्याच्या शेंगेसारखा, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर चारला यायच्या, छत्री दाराला टांगायच्या आणि कथासंग्रहच न्यायच्या. कादंबरी नको. "कादंबरीत बाईला पळायला जागा असते," म्हणायच्या, "कथेत लेखक तिला दहा पानांत गाठतो."

या 'रोम'बद्दल पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा त्यांनी माझीच तोंडी परीक्षा घेतली.

"कथेतली बाई शेवटी काय करते?"

"चहा ठेवते."

"कोणासाठी?"

"नवऱ्यासाठी."

"त्यानं काय केलंय?"

"दुसरा घरोबा."

"मग? रोम!"

यात प्रतवारीही होती. बाई चहा ठेवते पण साखर घालायला विसरते, असा शेवट असला की 'अर्धं रोम'. डोळे पुसून देवापुढे दिवा लावते, तर 'रोम' आणि खाली रेघ. आणि बाईनं काही वेगळं केलंच, म्हणजे उठून गेली, नाहीतर नुसती पोटभर जेवून झोपली, तर 'इटली', म्हणजे रोमच्या वेशीबाहेर. सबंध वाचनालयात 'इटली' सात. त्यातल्या एका कथेत बाईला वेड लागतं. मी म्हटलं, "बाई, ही इटली कशी?" तर म्हणाल्या, "निदान चहा तरी ठेवत नाही."

हे पुस्तकांपुरतं असतं तर बरं होतं. पण एखाद्या लग्नात कोणी म्हटलं, "सून कशी अगदी गाय आहे हो," की पंगतीतून आवाज यायचा, "रोम!" कोणाच्या शोकसभेत 'बाई कधी कोणाला दुखवून बोलल्या नाहीत' असं सुरू झालं की मागच्या खुर्चीतून, "रोम!" लोक हसायचे, मग हसेनासे झाले, मग त्यांना बोलावीनासे झाले. मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा अंगात ताप असताना मी घरी फोन करून नवऱ्याला डाळीचा डबा कुठल्या फळीवर आहे ते समजावत होते. बाई पुस्तक बदलायला उभ्या होत्या. फोन ठेवते न ठेवते तोच म्हणाल्या, "रोम, आणि खाली रेघ." मी भडकले. म्हटलं, "बाई, तुम्हाला काय जातंय बोलायला!" त्या नुसत्या मान हलवत गेल्या. दोन मंगळवार मी त्यांच्याशी बोलले नाही. राग बाईंचा नव्हता, डाळीचा होता, हे कळायला मला ते दोन मंगळवार लागले.

हे रोम आलं कुठून, ते मात्र गेल्या वर्षी कळलं.

वाचनालयाची स्मरणिका काढायची ठरली, महिला विशेषांक. आमचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ. सज्जन गृहस्थांची मला अलीकडे धास्तीच वाटते. ते म्हणाले, "सुर्वेबाईंनी तरुणपणी एक कथा लिहिली होती. 'लोकर'. बक्षीस मिळालं होतं. त्यांच्या घरी ओटीवर फ्रेम करून लावलेली मी लहानपणी वाचलीय. ती छापू." ती ज्या मासिकात आली होती त्याचा वाचनालयातला अंक कसरीनं कधीच खाल्ला होता. म्हणून मी बाईंकडे मागितली. बाईंचा चेहरा असा पडला की मला वाटलं यांना चक्कर आली. मग त्या बसल्या आणि सांगू लागल्या.

त्यांचं माहेर बुरोंडीचं. वडील मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला येणार, चार दिवस राहणार, चुका काढणार आणि जाणार. आई वारली तेव्हा तेराव्याला वडील लोकांसमोर म्हणाले, "बाईनं कधी तक्रार केली नाही." तेवढंच. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. त्या वाक्याचा त्यांना इतका संताप आला की त्यांनी एका बैठकीत कथा लिहून काढली. "बुरोंडी लिहिली असती तर बापूस ओळखला गेला असता गो. म्हणून रोम घेतलं. इतिहासाच्या पुस्तकात होतंच."

रोमचा सरदार लढाईवर जातो. त्याची बायको बारा वर्षं लोकर कातत बसते आणि मरते. तो येतो आणि तिच्या दगडावर कोरतो : 'हिने घर राखिले. लोकर कातिली. शब्द उलटविला नाही.' संपली कथा. बाईंनी तोवर मेंढी पाहिली नव्हती, म्हणून कथेतली लोकर सावरीच्या कापसासारखी उडते. रोमन बाई बसते ती पडवीत. सरदाराचं गलबत किनाऱ्याला लागतं ते हुबेहूब बुरोंडीच्या मचव्यासारखं, आणि तिच्या थडग्याचा दगड जांभा आहे. जांभ्यावर अक्षर टिकत नाही हे कोकणातल्या पोराला कळतं, पण परीक्षकांना ते खटकलं नाही. त्यांनी पहिला नंबर दिला आणि शेरा लिहिला, 'आदर्श गृहिणीचे हृद्य चित्र.'

"मी शिवी लिहिली होती गो," बाई म्हणाल्या. "त्यांनी आरती म्हणून ओवाळली."

ती आरती रत्नागिरीत सुर्व्यांच्या घरी पोचली. सासरे वाचनाचे शौकीन. कथा वाचून म्हणाले, "जी मुलगी असं लिहिते, ती तशीच असणार. हीच सून आणायची." हुंडा नको, काही नको, नुसती मुलगी द्या. वडिलांना काय, सोनं पिकलं. लग्न झालं, आणि बाई घरात शिरल्या तर ओटीवर त्यांची स्वतःची कथा, फ्रेम करून, हार घालून.

तिथून पुढे पंचवीस वर्षं ती कथा बाईंना जाब विचारत राहिली. एम.ए.ला मुंबईला जायचं म्हटलं तर सासऱ्यांनी बोट ओटीकडे केलं. "तुमचीच बाई बारा वर्षं घर सोडून हलली नाही. तुम्हाला दोन वर्षं धीर नाही?" सासूला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सासऱ्यांनी इतकी वेळा वाचून दाखवली होती की तिला कथा तोंडपाठ. कालवणात मीठ जास्त झालं आणि बाई दोन शब्द उलट बोलल्या की ती म्हणायची, "ती रोमवाली बघ. बारा वर्सां एक शब्द बोलली नाय." नवरा वाईट नव्हता. तो नुसता हसायचा.

"मला जाऊ नव्हती," बाई म्हणाल्या. "पण रोमवाली होती. सगळ्यात थोरली. ती पहाटे उठायची, ती माहेरी जायची नाही, तिला ताप यायचा नाही. आणि मेली मीच आणून बसवलेली!"

मी हसले, आणि मग मला हसू पुरलं नाही. प्रत्येक घरात अशी एक असतेच. आमच्याकडे रोमऐवजी माझ्या चुलत सासूचं नाव निघतं. ती बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारली, पण कामाला अजून येते.

मला वाटलं, बाई कथा छापायला नकार देणार. पण त्या म्हणाल्या, "छापा. फक्त शेवटी एक वाक्य घालणार मी. या खेपेला कोणी चुकीचं वाचता कामा नये. मरायच्या आधी एकदा तरी ती शिवी शिवी म्हणून वाचली जाऊ दे."

पुढचा महिनाभर बाई मंगळवार-शुक्रवारची वाट न बघता रोज येत राहिल्या. दुसऱ्यांच्या शेकडो शेवटांवर फटकन शेरा मारणाऱ्या बाईंना स्वतःचा एक शेवट जमेना. पहिली चिठ्ठी आली, 'वाचकहो, हे कौतुक नव्हे.' मी म्हटलं, "बाई, ही नगरपालिकेची सूचना झाली." दुसऱ्या चिठ्ठीत बाईंनी सरदाराला जागीच वीज पाडून मारलं. तिसरीत रोमवाली भूत होऊन आली, पण आल्या आल्या तिनं पडवी झाडली. बाईंनी स्वतःच ती चिठ्ठी फाडली. "हात वळणावरच जातो मेला," म्हणाल्या. शेवटी अंक छापायला जायच्या दिवशी त्या घामाघूम होऊन आल्या आणि कागद पुढे केला. एकच ओळ : 'तिचे नाव मात्र दगडावर कोरायचे राहून गेले.'

मी ती ओळ दोनदा वाचली. म्हटलं, "बाई, आता कोणाची टाप नाही चुकीचं वाचायची."

काय म्हणून मी असं बोलले कोण जाणे.

प्रकाशनाचा कार्यक्रम आमच्याच सभागृहात झाला. प्रमुख पाहुणे सकाळी आरे-वाऱ्याचा समुद्र बघून आल्यामुळे खुशीत होते. बाई पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी, हात मांडीवर घट्ट. अध्यक्षांनी कथा स्वतः वाचून दाखवली. छान वाचली. शेवटच्या ओळीशी त्यांचा आवाज भरून आला, ते थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, "बघा! नावाचीसुद्धा हाव धरली नाही त्या माउलीनं! आजच्या मुलींनी हे घ्यायला हवं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. लाज वाटते सांगायला, पण त्या कडकडाटात माझेही हात दोनदा एकमेकांवर आपटले. मग मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या 'रोम' म्हणून ओरडणार. ओरडाव्या असं मला फार वाटत होतं. त्या उठल्या, सत्काराची शाल घेतली, नारळ घेतला, अध्यक्षांना नमस्कार केला आणि जाऊन बसल्या.

सगळे गेल्यावर खुर्च्या एकात एक घालायचं काम चाललं होतं. मी बाईंना माझ्या टेबलापाशी आणून बसवलं. माझं डोकं नुसतं फुटत होतं. म्हटलं, "मी उद्याच्या उद्या अध्यक्षांना जाऊन सांगते."

"नको. सांगून कळलं असतं तर मी शाळेत आयुष्यभर सांगतच होते की." त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आणि सगळी चूक त्यांची नाही गो. त्या कथेत सरदाराला नाव आहे. त्याच्या घोड्याला आहे, गलबताला आहे. तिला नाही. रोममध्ये बायकांना स्वतःचं असं नाव नसायचं, बापाच्या कुळाचं तेच लेकीचं. पण हे मी पुढे वाचलं. लिहिताना मला नुसतं सुचलंच नाही. म्हणजे बघ, मीही कोरलं नाही."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"जन्मभर शिव्या घातल्या तिला," बाई म्हणाल्या. "पण दुपारी सासू आडवी झाली की चुलीपाशी बोलायला तीच असायची. दुसरं होतं कोण? एम.ए.चं तिलाच सांगितलं, पहिलं मूल गेलं ते तिलाच. ती काही उलट बोलायची नाही, पण ऐकायची."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. मग मी स्मरणिकेची वाचनालयाची प्रत समोर ओढली आणि म्हटलं, "आज ठेवा तिला नाव. मी लिहिते."

बाईंनी खूप विचार केला. खालमानेनं म्हणाल्या, "कुंदा लिही."

"कुंदा कोण?"

"अंकात कथा छापली होती ती त्या नावानं. कुमारी कुंदा. लग्नानंतर सासऱ्यांनी फ्रेममध्ये त्यावर चिठ्ठी चिकटवली, सौभाग्यवती सुशीला. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं ना, तेव्हापासून सुशीला. बुरोंडीचं आता कोणी उरलं नाही. हे नाव ठाऊक असलेलं माणूस... आता तू."

मी लिहिलं. मग रिक्षा बघायला बाहेर गेले, एक थांबवली आणि दारातूनच हाक मारली, "कुंदाताई, रिक्षा आलीय!"

"ओ!" बाई म्हणाल्या. अंगणातून मैत्रिणीनं हाक मारल्यावर परकऱ्या पोरीनं द्यावी तशी ओ. आणि मग त्या उठेचनात. तिथेच बसून राहिल्या, दाराकडे बघत, पुन्हा हाक यायची वाट बघितल्यासारख्या. मी पुन्हा हाक मारणारच होते.

"सुर्वेकाकू, चला हो!" रिक्षावाला ओरडला. "मागं गाड्या खोळंबल्यात!"

बाईंनी नारळ पिशवीत टाकला, शाल काखोटीला मारली, आणि सुर्वेकाकू रिक्षात जाऊन बसल्या.