एकमताने वाचलेली कादंबरी

आमच्या वायनशाळेत, म्हणजे गावच्या वाचनालयात, वरून आलेल्या सूचनेनुसार दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभासदांनी नुकतीच वाचलेली कादंबरी आणि तिच्यावरचं आपलं चिंतन एकमेकांना सांगायचं असतं. चिंतन झालं नाही तर वाचनालयाची श्रेणी घसरते. म्हणून आमच्याकडे चिंतन होतंच.

मी मूळचा हरिकथेचा माणूस. भगवतीच्या उत्सवात कथाकाराने सूर लावला की माझे डोळे पाझरू लागतात. पुस्तकाला सूर नसतो, त्यामुळे तिथे डोळे नुसते मिटतात. तरी सभासदत्व सोडवत नाही, कारण उत्सवाला कोणता कथाकार बोलवायचा ते वाचनालयाचे सभासदच ठरवतात.

त्या रविवारी अध्यक्ष पौलोस माश, हायस्कुलातून निवृत्त झालेले आमचे मास्तर, म्हणाले की सुरुवात रामुण्णींपासून, म्हणजे माझ्यापासून, होऊ दे. त्या महिन्यासाठी ठरलेली कादंबरी सहाशे पानांची होती आणि मुखपृष्ठावर पाणी होतं, एवढं मला ठाऊक होतं. देवीला हात जोडले आणि सुरू झालो. पूर्वरंगात नदी घेतली. मग काठावरच्या देवळात परागंदा मुलासाठी रोज दिवा लावणारी कार्त्यायनी नावाची विधवा आली, आणि तिच्या नावेचा दोर कापणारा दुष्ट दीर. मध्ये दोन पदंही म्हटली.

आता पकडला जाणार, या तयारीने बसलो. पौलोस माश चष्मा पुसत होते. म्हणाले, "तो दिव्याचा प्रसंग आला तेव्हा मीसुद्धा पुस्तक मिटून बसलो होतो."

दूध सोसायटीच्या वेलायुधनला हे पटलं नाही. त्याच्या मते दीर भूमिहीन होता आणि लेखकाने त्याच्यावर अन्याय केला होता. सभेत दोन तट पडले. चहा आणि केळ्याची भजी येईपर्यंत दिराच्या निषेधाचा ठराव मांडला गेला होता. दिराला मी घटकाभरापूर्वी जन्माला घातलं होतं. तो मला मुळीच समजलेला नाही, असं वेलायुधनने मला तोंडावर सुनावलं. मी मान्य केलं.

तेवढ्यात नबीसा उठली. ती दातांची डॉक्टर. आजवर तिच्यापुढे आम्हीच तोंड उघडत आलो.

"या पुस्तकात कार्त्यायनी नाही," ती म्हणाली. "दीर नाही, देऊळ नाही. सगळं जहाजावर घडतं. आणि माश, वाचनालयाची प्रत एकच. ती महिनाभर माझ्या घरी आहे. मग तुम्ही काय वाचलंत?"

सगळे भज्यांकडे बघू लागले. मग पौलोस माशनी अत्यंत मायेने विचारलं, "म्हणजे प्रत महिनाभर अडवून ठेवल्याचं तू कबूल करतेस ना, बाळ?"

दोन्ही तट तत्काळ एक झाले. नबीसाने इतर सभासदांना सदर कादंबरीपासून वंचित ठेवलं, तसंच ज्यांनी ती वाचली आहे त्यांच्यात गैरसमज पसरवला. सबब सभासदत्व रद्द. ठराव वेलायुधनने मांडला. नियमानुसार सभासद काढायला बाकीच्यांचं एकमत लागतं. भराभर हात वर गेले. एक माझा राहिला.

नबीसा माझ्याकडे वळली. मला ती थोरल्या भावासारखं चेट्टा म्हणते. "रामुण्णी चेट्टा, खोटं तुम्हाला गाता येतं हे आज कळलं. खरं नुसतं बोललात तरी चालेल."

मी देवीचं स्मरण केलं. सभेपुढचा पुढचाच विषय उत्सवाचा कथाकार हा होता.

हात वर गेला. डोळे मात्र भरून आले होते, खोटं नाही सांगत. ती पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेली आणि माशनी समाधानाने जाहीर केलं, की कादंबरी न वाचलेला एकही सभासद आता आपल्यात उरलेला नाही.

तुम्हाला आमचं हसू येत असेल. येऊ द्या. पण मघापासून तुम्ही माना डोलावताय, आणि त्या कादंबरीचं नाव काय, हे काही तुम्ही विचारलेलं नाही.