दामूअण्णा आणि धाप लागलेलं पाणी

दामूअण्णांना कोणीही कसलाही सल्ला विचारला, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "पाच दिवस अंधारात ठेवा, मग सांगतो." लोणचं मुरेल का, तूप टिकेल का, सगळ्याला हेच. एकदा आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी मुलीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल विचारलं. मुलगा वकील, गोरापान. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळेच स्वच्छ दिसतात हो. पाच दिवस अंधारात ठेवा, मग कळेल." गृहस्थ तडक उठले. त्यांच्या वहाणा दुसऱ्या दिवशी मी पोचवल्या.

दोष अण्णांचा नव्हता, धंद्याचा होता. भोर संस्थानात ते सॅनिटरी इन्स्पेक्टर होते आणि सांडपाण्यावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. लोक देवळात जाताना वाकून चौकटीला हात लावतात, तसे अण्णा प्रत्येक गटारापाशी वाकत.

"पाणी डोळ्यांनी ओळखायचं नसतं," ते मला सांगत. "पाण्यातही प्राणवायू असतो. त्यात खरकटं पडलं, की डोळ्यांना न दिसणारे जीव पंगतीला बसतात आणि जेवता जेवता सगळा प्राणवायू फस्त करतात. मग पाण्याला धाप लागते. मासे उताणे होतात. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट कसली, तुमची आमटी लागली!"

ही धाप मोजायची त्यांची रीत अशी. सांडपाणी मापाने स्वच्छ पाण्यात मिसळायचं आणि काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या काठोकाठ भरायच्या. एकीतला प्राणवायू त्याच दिवशी मोजायचा. तिची जुळी बहीण पाच दिवस थंड अंधारात ठेवायची आणि मग मोजायची. मधल्या मध्ये जेवढा प्राणवायू गडप झाला, तेवढं पाणी खादाड. मोठ्या शहरांत यासाठी म्हणे खास कपाटं असतात. अण्णांनी घरातलं बळद वापरलं होतं. भिंतीतली ती धान्याची कोठी एरवी रिकामीच होती.

मोजणीच्या शेवटी त्यांना भाताची पेज लागे. ती घातली की बाटलीतलं पाणी निळंशार होई, आणि मग औषधाचे थेंब मोजत तो निळा रंग घालवायचा. पेजेसाठी ते आमच्या दारात येत. "वहिनी, चमचाभर पेज."

"अहो अण्णा, वाटीभर घ्या. वर तूप-मीठ घालते."

"खायला नको, मोजायला हवी. ज्याची मोरी तपासतो, त्याच्या घरचा घास मी घेत नाही."

हा नियम आमच्याच जिवावर उठला होता. कारण शेजारी राहून मी चालवत होतो खानावळ. कोर्टकचेरीला आलेली माणसं, हायस्कुलातले मास्तर, धरून चौदा पानं रोज उठत. आमच्या मोरीचं पाणी ओढ्यातून थेट नदीच्या पाणवठ्यावर जाई. आणि आमची मोरी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली, की अण्णा मोरी बुजवणार होते. मोरी बंद म्हणजे चूल बंद, आणि आमच्या घराला दुसरा आधार नव्हता.

"मालक," वेल्ह्याकडून कज्ज्यासाठी येणारा एक म्हातारा भुरका मारत म्हणाला, "आमी हितं जेवल्यानं तकडं नदीला धाप लागती व्हय?"

"तसं अण्णा म्हणतात."

"मंग अर्धीच भाकर वाढा. पर आमटीला हात आखडू नगा."

तिसऱ्या तपासणीला मी मोरीत पाच घागरी विहिरीचं पाणी ओतलं, तुरटी फिरवली. पाणी गंगेसारखं दिसायला लागलं. अण्णांनी बाटली उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोवळं नेसलंय. पाच दिवसांनी बघू."

तिसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूला विहिरींत लाल औषध टाकायला अण्णा गेले. जाताना घराची किल्ली आमच्या मंडळींच्या हाती दिली. "बळद उघडू नका हं वहिनी. झोपमोड होते."

दुपारी मी ती किल्ली खुंटीवरून काढली. खोटं कशाला बोलू? बळदात दोन बाटल्या होत्या. एकीच्या गळ्यात चिठ्ठी 'खानावळ', दुसरीच्या गळ्यात 'घर'. हे 'घर' म्हणजे अण्णांचं स्वतःचं. त्यांच्या मोरीचं पाणी परसातल्या केळींना जात होतं, नदीशी त्याचा संबंध नव्हता. तरी दर वेळी ते आपल्याही मोरीची बाटली भरत. विचारलं तर म्हणत, "तुलनेसाठी."

मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि घरी येऊन दोन पेले पाणी प्यालो.

पाचव्या दिवशी अण्णांनी आम्हा दोघांना साक्षीला बोलावलं. बाटल्यांत औषधं पडली. रीत सोपी होती: तळाशी तपकिरी साका धरला तर प्राणवायू शिल्लक आहे, पांढराच राहिला तर सगळा संपला. 'खानावळ' चिठ्ठीची बाटली छान तपकिरी झाली. मी हळूच श्वास सोडला.

मग 'घर'. पांढरं. दुधासारखं पांढरं.

आता अण्णा चिडतील, असं मला वाटलं होतं. पण ते त्या बाटलीकडे बघतच राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला.

"वहिनी! नापास! माझं घर नापास!" त्यांनी खिडकीशी नाचत जाऊन बाटली उन्हात धरली. "आमची ही जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षं माझी मोरी दर वेळी पास होतेय. खरकटं कशाचं असणार? चुरमुरे खातो, दूध पितो, एक पेला विसळतो. पाच दिवस ठेवा नाहीतर पन्नास, पाणी आपलं तसंच्या तसं. कुणी काही मागतच नाही त्याच्याकडे." मग एकदम थांबून म्हणाले, "पण या वेळी कुणाचं बरं असेल? हां! तुमची लेक शकू त्या दिवशी दहीपोह्यांची वाटी घेऊन माझ्या मोरीवर हात धुवायला आली होती. तिचंच असणार! वाटीभर दहीपोह्यांनी काय कमाल केलीय बघा!"

माझी खानावळ वाचली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण तो चेहरा बघून माझी जीभ कुणीतरी आतून ढकलली.

"अण्णा, चिठ्ठ्या मी बदलल्या. ती बाटली आमची आहे."

अण्णांनी बाटली खाली ठेवली. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे नापास तुम्ही," ते म्हणाले. "मोरी आजपासून बंद. परसात खड्डा खणा, त्यात वाळू-खडी भरा, कडेने केळी आणि अळू लावा. पाणी तिथेच जिरलं पाहिजे, ओढ्यात थेंब जाता कामा नये. मग पुन्हा उघडा."

"आणि तोवर चौदा पानं कुठे वाढू?" मी रडकुंडीला आलो.

आमच्या मंडळींनी पदर खोचला. "अण्णा, तुमची मोरी पास आहे ना?"

"आहे."

"पाणी केळींना जातं ना?"

"जातं."

"मग चूल तुमच्याकडे. खड्डा होईपर्यंत स्वैपाक, पंगत सगळं इथे."

"पण वहिनी, माझा नियम..."

"घर तुमचं, तांदूळ तुमचे आणा. तुम्ही तुमच्याच घरी जेवताय. नियमाला काय झालं?"

अण्णा पिशवी घेऊन तांदूळ आणायला गेले. आंबेमोहोर घेऊन आले.

आठवडाभर त्या घरात काय गोंधळ होता म्हणून सांगू! ओसरीवर पंगत, माजघरात मास्तरांचे वाद, आणि वाढायला स्वतः अण्णा. "आणखी भात घ्या, मोरीलाही काही मिळू द्या!" वेल्ह्याचा तो म्हातारा चौथ्यांदा भात घेत म्हणाला, "साहेब, तुमच्या केळी लई माजणार आवंदा."

आम्ही तिथून निघायच्या आधी अण्णांनी 'घर'ची बाटली भरली. चिठ्ठीला स्वतः गाठ मारली, वर लाख लावली आणि माझ्याकडे बघून बळदाला कुलूप घातलं. पाच दिवसांनी पांढरीफेक! अण्णांनी कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: घर नापास.

आमचा खड्डा झाला, मोरी पास झाली, चूल परत आली. पण रात्रीची पानं त्यांच्याच घरी, त्यांच्याच तांदळाची, आम्ही सगळे त्यांच्याबरोबर मांडायला लागलो. ते मोडलं नाही.

दिवाळीला चुना द्यायला आलेला गडी त्या अक्षरांपाशी थबकला. "आण्णा, हे पुसू ना?"

"तेवढं सोडून दे," अण्णा म्हणाले.

"भिंत काळी ऱ्हाईल की!"

"राहू दे," अण्णा म्हणाले, आणि आत चुलीकडे वळून ओरडले, "वहिनी, आज चमचाभर पेज मी देतो, मोजायला नाही, खायला!"