वेस्कॉटसाहेबांचा फोन

दुपारी दीड वाजता लोरेट पेल्की जरा आडवी झाली, पायावर शाल ओढली आणि फोन वाजला. हॅरोफील्डच्या शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक तिने एकतीस वर्षं सांभाळलं होतं. कुठली बस कुठे रुतली, कुणाचं पोर कुठल्या थांब्यावर राहिलं, सगळं फोनवरून. निवृत्त झाली त्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं होतं, की यापुढे मला घरात फोनचा आवाज नको. मर्लने ते इतकं मनावर घेतलं की त्याला स्वतःलाच कमी ऐकू यायला लागलं.

"वेस्कॉट का?" पलीकडून एक म्हातारा ओरडला.

"रॉंग नंबर."

"वाटलंच मला! मत मागताना दोन्ही हातांनी हात दाबता, आणि फोन केला की रॉंग नंबर. दारातली मोरी तुंबलीय साहेब, तळघरात गुडघाभर पाणी झालंय."

"मी साहेब नाही, बाई आहे."

"मग साहेबांना द्या."

लोरेटने फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा वाजला.

उलगडा झाला तो टपालपेटीतल्या पत्रकाने. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी त्या वर्षी सहा जण उभे होते. एक डेमोक्रॅट बाई, एक रिपब्लिकन गृहस्थ आणि चार अपक्ष. त्या चारांतला शेवटचा हार्लन वेस्कॉट, ब्लूबेरीचा मळेवाला. त्याने पत्रकावर स्वतःचा हसरा फोटो छापला होता आणि खाली, 'तक्रार कसलीही असो, थेट मला फोन करा.' त्याखाली लोरेटच्या घरचा नंबर. छापणाऱ्याने शेवटचे दोन आकडे उलटेपालटे केले होते.

"तार उपटून टाक," मर्ल म्हणाला.

"आणि डॅनियलचा फोन आला म्हणजे?"

डॅनियल त्यांची मुलगी, तिचे दिवस भरत आले होते. ती बँगोरला, आणि हॅरोफील्डच्या त्या खोलगट भागात मोबाइलला रेंज नाही. लोरेटने वेस्कॉटच्या टपालपत्त्यावर एक खरमरीत पत्र धाडलं आणि वाट बघत बसली. चार दिवस ती प्रत्येकाला चूक समजावून सांगत राहिली. एकानेही ऐकून घेतलं नाही. पाचव्या दिवशी मोरीवाल्या म्हाताऱ्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा तिच्यात समजावण्याचं त्राण उरलं नव्हतं.

"बोला," ती म्हणाली. "रस्ता कुठला?"

रस्ता तिच्या ओळखीचा निघाला. सगळेच रस्ते तिच्या ओळखीचे होते. रस्तेवाल्यांचा मुकादम रॉनी तर तिच्याच सात नंबरच्या बसने शाळेत गेलेला.

"रॉनी, कॉबच्या चढाखालची मोरी तुंबलीय."

"पुढच्या महिन्यात बघतो, मिसेस पेल्की."

"दुसरीत असताना तू बसमध्ये काय केलं होतंस, ते तुझ्या मुकादमीतल्या पोरांना ठाऊक आहे का रे?"

दुसऱ्या दिवशी मोरी मोकळी झाली. समजावण्यात वीस मिनिटं जात होती, काम करून देण्यात सहा. म्हणून लोरेट कामं करून द्यायला लागली. एकीची पेन्शन अडली होती, एकाच्या फाट्यावरचा दिवा महिनाभर बंद होता. कुणाला नुसतंच बोलायचं होतं, त्याला ती भाजी चिरता चिरता हं हं म्हणे.

आता निवडून यायच्या आधीच मोऱ्या उपसणारा उमेदवार मेनमध्ये कुणी पाहिला नव्हता. जनमत चाचण्यांत दोन टक्क्यांवर पडलेला वेस्कॉट नवावर गेला. मग बातमीदारांचे फोन सुरू झाले.

"त्यांचं आर्थिक धोरण काय, बाई?"

लोरेटने कोचाकडे पाहिलं. मर्ल तोंड उघडं टाकून घोरत होता. "ते झोपलेत," ती म्हणाली.

'वेस्कॉट यांचे आर्थिक धोरणावर मौन,' असं सकाळी छापून आलं आणि त्याचा आणखी अर्धा टक्का वाढला.

ऑक्टोबरच्या शेवटी बर्फ पडला, अवेळी आणि घोटाभर. सकाळीच आयरा नावाच्या एका माणसाचा फोन आला. त्याच्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. घरापुढचा रस्ता गावाचा नाही म्हणून बर्फ काढायला गाव हात झटकत होतं, आणि जिल्हा म्हणत होता तो गावाचाच. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो अगदी सावकाश बोलत होता, आणि लोरेटला तेच सहन होईना.

"उद्या सकाळी नऊला निघायचंय," तो म्हणाला. "नाही जमलं तर तसं सांगा, बाई. मी फावडं घेऊन सुरू होतो. एक मैलभर तर आहे."

"वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"फावड्याला हात लावायचा नाही," लोरेट म्हणाली.

रॉनीने या वेळी खरंच हात टेकले. त्या रस्त्यावर सरकारी गाडी घातली तर त्याची नोकरी जाणार होती. तेवढ्यात डेमोक्रॅट बाईंच्या कचेरीतून फोन आला. वेस्कॉट यांनी माघार घ्यावी, आमची मतं फुटताहेत. दहा मिनिटांनी रिपब्लिकन कचेरी. वेस्कॉट यांनी कृपा करून माघार घेऊ नये.

"साहेब विचार करतील," लोरेटने दोघांनाही सांगितलं. "पण त्यांचं मन सध्या एका रस्त्यात अडकलंय. उद्या नऊच्या आत तो मोकळा झाला तर बघू."

सकाळी साडेआठला आयराचा फोन. "बाई, रस्ता साफ झाला. पण आता त्यात दोन गाड्या उभ्या आहेत."

दोन्ही पक्षांनी आपापल्या माणसाची बर्फ काढणारी गाडी पाठवली होती. एक वरून आली, दुसरी पलीकडच्या टोकाने. मधोमध नाकाला नाक लावून दोघी थांबल्या होत्या आणि आयराची मोटार मागे अडकली होती. मागे कोण घेणार यावर दोन्ही ड्रायव्हर रस्त्यात उभे राहून देशाच्या भवितव्याबद्दल भांडत होते.

"त्यांना सांगा," लोरेट डोळे मिटून म्हणाली, "जो आधी गाडी मागे घेईल, त्याच्या उमेदवाराला वेस्कॉटसाहेबांचा पाठिंबा."

फोनवरूनच तिला दोन इंजिनांचा आवाज एकदम ऐकू आला. आयराची बायको वेळेत दवाखान्यात पोचली.

लोरेट खुर्चीत मान टाकून बसली होती, तेव्हा शेजारीण दार ढकलून आत आली. "अगं, अभिनंदन! पहाटे मुलगी झाली डॅनियलला. जावई काल संध्याकाळपासून फोन लावतोय, तुमचा सारखा एंगेज. शेवटी माझ्याकडे केला."

लोरेटने उठून कोट घातला, मर्लला हलवलं आणि दार उघडलं, तर पायरीवर हार्लन वेस्कॉट उभा. हातात तिचं पत्र, महिनाभर न उघडलेल्या टपालातून आजच सापडलेलं. फोटोतल्यापेक्षा बराच थकलेला.

"मिसेस पेल्की, रेडिओवर सांगताहेत की मी दोन्ही पक्षांना पाठिंबा दिलाय."

"दिलाय," लोरेट म्हणाली. "आणि मला नात झालीय, ते गावात सगळ्यांना कळल्यावर मला कळतंय. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. मग टोपी काढून हळूच म्हणाला, "महिनाभर माझा फोन एकदाही वाजला नाही, बाई. मला वाटलं, कुणाला माझी गरजच नाही. मी माघारीचं पत्र लिहून ठेवलं होतं. मग एकदम नऊ टक्के झाले. बायको म्हणाली, हार्लन, तू काय केलंस? मी म्हटलं, काही नाही गं."

लोरेटचा राग अर्ध्यावर आला. बिचारा खरंच काही करत नव्हता. "चला मोटारीत," ती म्हणाली. "बँगोरपर्यंत मर्लला गाडी चालवू द्यायची माझी छाती नाही."

बाळ बघून परत येताना वेस्कॉटने ठरवलं, की खरं ते बोलून टाकायचं. टीव्हीवरच्या वादसभेत त्याने स्वच्छ सांगितलं, की मोऱ्या, दिवे, पेन्शन, रस्ता, यातलं मी काहीच केलेलं नाही, पाठिंबाही कुणाला दिलेला नाही, सगळं एका बाईंनी केलं. लोक गहिवरले. श्रेय नाकारणारा उमेदवार! वेस्कॉट चौदावर गेला आणि घाबरून त्याने प्रचारच थांबवला.

निवडणूक झाली. डेमोक्रॅट बाई थोडक्यात निवडून आल्या. वेस्कॉट तिसरा आला आणि सुटलो म्हणून त्याने लोरेटकडे गोठवलेल्या ब्लूबेरीची मोठी पेटी पाठवली.

त्यानंतर दोन दिवस घर कसं शांत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"वेस्कॉटसाहेबांचंच ना?" एक बाई विचारत होती. "आमच्या पुलाचा कठडा मोडलाय."

"वेस्कॉट हरले, बाई."

"माहीत आहे की. मीही मत त्या दुसऱ्या बाईंनाच दिलं."

"मग त्यांना फोन करा ना!"

"केला होता," ती बाई म्हणाली. "त्या म्हणाल्या, तुम्हाला करा."